जॉयस्टिकचा दोष नेमका कुठे? हातापासून पडद्यापर्यंतचा माग

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान चालवायचा गेम, नव्याने सुरू केलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "विमान आपोआप एका बाजूला जातंय, जॉयस्टिक खराब निघाली." मग तो गेमच्या सेटिंगमध्ये शिरतो, दिसेल ती पट्टी सरकवतो, डेड झोन (मध्याभोवतीचा, स्टिक हलली तरी न मोजला जाणारा पट्टा) 20 टक्क्यांवर नेऊन ठेवतो. विमान सरळ जायला लागतं खरं, पण आता ते हलकं वळण घ्यायचं नावच घेत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तुमच्या हाताची हालचाल पडद्यावरच्या विमानापर्यंत पोचते ती चार मुक्काम करत. पहिला मुक्काम जॉयस्टिकच्या पोटातला सेन्सर. दुसरा, त्या सेन्सरच्या विद्युतदाबाचा आकडा करून तो यूएसबीने पाठवणारी चिप आणि केबल. तिसरा विंडोज. चौथा खुद्द गेम, जो आलेल्या आकड्यावर स्वतःचे संस्कार करतो. चारांपैकी कुठेही बिघडलं तरी पडद्यावर दिसणारं लक्षण जवळपास तेच असतं. म्हणून शोध नेहमी हाताच्या टोकाकडून सुरू करायचा आणि पडद्याकडे जायचं. बहुतेक जण उलटे निघतात, आणि तिथेच रात्र जाते.

आधी गेम बंद करा

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असं सलग टाइप करून एंटर मारा. गेम कंट्रोलर्सची यादी उघडते. तुमच्या जॉयस्टिकचं नाव निवडून प्रॉपर्टीज दाबलं की एक चौकोन दिसतो आणि त्यात एक बारकं अधिक चिन्ह. स्टिक हलवली की ते चिन्ह हलतं. शेजारी थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारा लिव्हर) आणि स्टिकच्या पिळाच्या पट्ट्या, खाली बटणांचे लाल दिवे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली ही खिडकी दिसायला जुनाट आहे, पण गेमची लुडबुड नसलेला आकडा इथे बघायला मिळतो, म्हणून मला ती कुठल्याही चकचकीत सॉफ्टवेअरपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता या चिन्हाकडे नीट बघत तीन गोष्टी करा.

स्टिकला अजिबात हात न लावता थोडा वेळ बघा. चिन्ह जागच्या जागी थरथरतंय का? हात लावलेला नसताना ते नाचत असेल तर दोष विद्युत बाजूचा: झिजलेला सेन्सर, सैल जोड, किंवा यूएसबीचा अपुरा पुरवठा.

मग स्टिक पूर्ण पुढे ढकलून अलगद सोडा. ती मधे येऊन थांबेल. चिन्ह कुठे थांबलं ते लक्षात ठेवा. आता पूर्ण मागे ओढून सोडा, मग डावीकडून, मग उजवीकडून. चारही वेळा चिन्ह एकाच जागी थांबलं, पण ती जागा मध्यापासून सरकलेली आहे, तर जॉयस्टिक धडधाकट आहे. फक्त मध्य चुकीचा नोंदवला गेलाय आणि कॅलिब्रेशनने, म्हणजे मध्य आणि टोकं नव्याने नोंदवून, काम होईल. चारही वेळा वेगळ्या जागी थांबलं, तर स्प्रिंग किंवा खालची यांत्रिक जोडणी ढिली आहे. तिथे कितीही कॅलिब्रेशन करा, फरक पडणार नाही.

तिसरी गोष्ट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिक अगदी संथपणे न्या. चिन्ह सलग सरकायला हवं. ते मधेच उडी मारून टोकाला जाऊन परत येत असेल, तेही दर वेळी साधारण एकाच जागी, तर पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे स्टिकची जागा मोजणाऱ्या सेन्सरचा, तेवढाच तुकडा खराब झालाय असं समजा.

या तीन तपासण्यांमध्ये निम्म्याहून जास्त तक्रारींचा निकाल लागतो असा माझा अंदाज आहे. गेमच्या कुठल्याही सेटिंगला अजून हात लागलेला नाही.

पोटात काय असतं

स्वस्त आणि जुन्या जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनचा एक अर्धगोल पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची पट्टी. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची, ती याच भागामुळे. पट्टा घासून झिजतो, त्यावर धूळ बसते, कोकणपट्टीच्या दमट हवेत धातू काळवंडतो. विमान चालवताना हात बहुतांश वेळ मध्याच्या आसपासच असतो, म्हणून पट्टा झिजतो तोही नेमका मध्यावर, जिथे सगळ्यात जास्त अचूकता हवी असते.

दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. 1879 साली एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाला दिसलं की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला तर पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. जॉयस्टिकमध्ये स्टिकबरोबर एक चुंबक फिरतो आणि सेन्सर तो दाब मोजतो. घासणारं काहीच नाही, म्हणून झीजही नाही. थ्रस्टमास्टरची टी-16000-एम याच जातीची आहे. ती स्टिकच्या दोन मुख्य अक्षांचं (पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे) मोजमाप 14 बिटांत करते, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 16,384 पायऱ्या. आठ बिटांच्या साध्या जॉयस्टिकमध्ये त्याच अंतरात फक्त 256 पायऱ्या असतात. हवेत इंधन भरताना किंवा हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना हा फरक हाताला कळतो. गाडीच्या गेमला 256 पुष्कळ झाल्या.

हॉल सेन्सरवाल्या स्टिकमध्येही मोठ्या स्पीकरशेजारी ठेवल्यावर मध्य सरकू शकतो. आधी स्पीकर लांब करून बघा, मग स्क्रू-ड्रायव्हर शोधा.

पोटेन्शिओमीटर साफ करायचा असेल तर केबल काढून, तळाचे स्क्रू उघडून, इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर त्याच्या फटीत थोडासा मारायचा आणि दांडी वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवायची. सुकल्यावर जोडायचं. बिजागरीला मारायचं घरगुती स्प्रे-तेल इथे वापरू नका. त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. साफ करूनही उड्या थांबल्या नाहीत तर भाग बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. फक्त जुन्यावर छापलेला आकडा आणि अक्षर बघून जा. साधारणपणे बी अक्षर म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा, ए म्हणजे आवाजाच्या बटणासाठी बनवलेला. ए बसवलात तर अर्ध्या प्रवासात काहीच होणार नाही आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं एकदम होईल.

कॅलिब्रेशनची सवय कुठून आली

1981 साली आयबीएमच्या पीसीबरोबर गेम अडॅप्टर आला, पंधरा पिनांचा. त्यात स्टिकची जागा मोजायची पद्धत मजेशीर होती. पोटेन्शिओमीटरमधून एक छोटा कपॅसिटर भारित व्हायचा आणि तो भरायला किती मायक्रोसेकंद लागले हे प्रोसेसर मोजत बसायचा. रोध जास्त तर वेळ जास्त. शून्य ते एक लाख ओहमच्या टप्प्यात हा वेळ साधारण 24 ते 1,124 मायक्रोसेकंद. प्रोसेसरचा वेग वेगळा, खोलीचं तापमान वेगळं, की आकडा वेगळा. म्हणून प्रत्येक गेम सुरू होताना विचारायचा: स्टिक वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, आता खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा.

यूएसबी जॉयस्टिकमध्ये मोजमाप स्टिकच्या आतली चिपच करते आणि तयार आकडा पाठवते. त्यामुळे "नवी जॉयस्टिक आणली की आधी कॅलिब्रेट करायची" हा जुना सल्ला आज बऱ्याचदा नुकसानच करतो. विंडोजमधलं कॅलिब्रेशन घाईघाईत केलं, स्टिक कोपऱ्यापर्यंत नीट नेली नाही, की चुकीची टोकं कायमची नोंदली जातात. मग 14 बिटांची स्टिकही विचित्र वागते. म्हणून मी उलट क्रम सुचवतो. त्याच खिडकीत सेटिंग्जच्या पानावर मूळ स्थितीला नेणारं रीसेटचं बटण असतं, आधी ते दाबा. स्टिक यूएसबीतून काढा, हात न लावता परत जोडा, कारण काही मॉडेलं जोडल्या क्षणीची जागा हाच मध्य धरतात. मग चारही टोकांना दोनदा फिरवून बघा. एवढ्यावर मध्य जागेवर आला नाही तरच कॅलिब्रेट करा. कॅलिब्रेशनच्या पानांवर मूळ आकडे दाखवण्यासाठी एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की चिन्हाऐवजी थेट आकडे दिसतात. थरथर मोजायला ते फार उपयोगी पडतात.

मधेच गायब होणारी स्टिक

उड्डाण चालू असताना स्टिक क्षणभर मेल्यासारखी होते, विंडोजचा डिव्हाइस तुटल्याचा आवाज येतो, लगेच जोडल्याचा येतो. हा दुसऱ्या मुक्कामाचा प्रश्न. थ्रॉटल, पेडल, स्टिक आणि वर एक हेडफोन, सगळं एका स्वस्त यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर) टांगलं की असं होतं. यूएसबी 2 चा एक पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो आणि हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी. स्टिक थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावून बघा. तरीही गेली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू द्यायची खूण काढून टाका. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. लॅपटॉपवर हे दोन्ही हमखास चालू असतात.

गेममध्ये शिरल्यावर

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच गेम उघडायचा. आणि इथला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे एकाच कामाला दोन मालक.

डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर याबाबतीत बदनाम आहे. नवीन उपकरण जोडलं की तो त्याच्या पहिल्या अक्षांना स्वतःहून पिच (नाक वर-खाली करणं) आणि रोल (पंख कलवणं) देऊन मोकळा होतो. तुम्ही रडरचे (नाक डावीकडे-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पात्याचे) पेडल घेतलेत, तर पेडलचे ब्रेक हे त्याच्या हिशेबात स्टिकच. ब्रेकवर पाय नसताना तो अक्ष टोकाला असतो, म्हणजे विमानाला कोणीतरी सतत एका बाजूला पूर्ण स्टिक दिल्यासारखं होतं. नाक खाली जातं, पंख कलतो, आणि शिव्या बसतात जॉयस्टिकला. चोर सोडून संन्याशाला फाशी. अक्षांचं पान उघडा. प्रत्येक उपकरणाचा वेगळा रकाना दिसेल. पिच, रोल, रडर आणि थ्रॉटल या प्रत्येक ओळीत एकच रकाना भरलेला राहील असं बघा, बाकीचे पुसा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं, कारण डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाची मांडणी स्वतंत्र असते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तेच संकट एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमुळे येतं. तो जोडून टेबलाच्या कडेला पडलेला असतो, त्याची काडी थोडी कललेली असते आणि ती तुमच्या स्टिकशी भांडत असते. वापरायचा नसेल तर काढून ठेवा. इथे थ्रॉटलच्या नावाने एकाहून जास्त ओळी दिसतात. चुकीची निवडली तर लिव्हरचा निम्मा प्रवास वाया जातो. तसं झालं तर दुसरी ओळ निवडून बघा. लिव्हर पुढे नेल्यावर इंजिन मंदावत असेल तर तो बिघाड नाही, अक्ष उलटा करायची खूण करा.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर आणखी एक मध्यस्थ असतो, स्टीम इनपुट. तो तुमच्या उपकरणाला एक्सबॉक्स कंट्रोलरचं सोंग देऊ शकतो. गेमला मग खरी स्टिक दिसतच नाही, किंवा दोनदा दिसते. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलरच्या पानावर तो बंद करता येतो. जुन्या गेमला दुसरी स्टिक दिसत नसेल तर त्या सुरुवातीच्याच खिडकीत अॅडव्हान्स्ड दाबून जुन्या प्रोग्रामसाठी कोणतं उपकरण ते निवडा.

डेड झोन आणि कर्व्ह

डेड झोन म्हणजे मध्याभोवतीचा असा पट्टा जिथे स्टिक हलली तरी गेम ती हलली नाही असंच धरतो. थरथर झाकायला तो ठीक आहे, पण ती मलमपट्टी आहे. चांगल्या स्टिकला 0 ते 2 टक्के पुरे. 5 टक्क्यांच्या वर जावं लागत असेल तर वरच्या तीन तपासण्या परत करा. थ्रॉटलला मात्र मध्याऐवजी टोकाला थोडा डेड झोन द्यावा, नाहीतर लिव्हर पूर्ण मागे ओढूनही इंजिन 2 टक्क्यांवर अडून राहतं आणि जमिनीवर विमान सरकत राहतं.

कर्व्ह जास्त समजून घेण्यासारखा आहे. खऱ्या विमानाची स्टिक लांब असते, टेबलावरची आखूड. तेवढंच वळण देण्यासाठी हात फार कमी हलतो, म्हणून विमान चंचल वाटतं. कर्व्ह मध्याजवळची संवेदनशीलता कमी करतो. एक साधं गणित घेऊ, 100 टक्के म्हणजे 1 धरून: बाहेर जाणारा आकडा म्हणजे हाताच्या हालचालीचे 70 टक्के, अधिक तिच्या घनाचे 30 टक्के. मग हात 10 टक्के हलला की विमानाला 7 टक्के मिळतात, 50 टक्क्यांना साधारण 39, आणि 100 टक्क्यांना पूर्ण 100. मध्यावर स्टिक शांत झाली. पण जे मध्यावर काढून घेतलं ते टोकाला परत द्यावंच लागतं: मध्यावरचा उतार (हाताच्या हालचालीच्या किती पट आकडा बदलतो तो) 0.7 आणि टोकावरचा 1.6, म्हणजे शेवटच्या टप्प्यात स्टिक मध्याच्या दुपटीपेक्षाही जास्त तिखट. जेट विमानात टोकाला क्वचित जातो म्हणून हे चालून जातं. हेलिकॉप्टरमध्ये सायक्लिक, म्हणजे त्याची स्टिक, सतत मध्यापासून जरा बाजूला धरून ठेवावी लागते आणि त्या जागी उतार बदलत असतो. म्हणून हेलिकॉप्टरला मी कर्व्ह देत नाही, सरळ रेषाच ठेवतो आणि शक्य असेल तर स्टिकला एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी वाढवणारा तुकडा, लावायला सांगतो.

दोष जॉयस्टिकचा नसतोच तेव्हा

सेसना 172 घेऊन जुहूच्या 26 क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघा. थ्रॉटल पूर्ण दिलं की विमान डावीकडे ओढ घेतं. घेणारच. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर त्याचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो. इंजिनाचा उलटा पीळ आणि शेपटीवर गोल फिरत येऊन आदळणारी हवा दोन्ही नाकाला डावीकडे नेतात. खरा वैमानिक उजवा पाय दाबतो. तुमच्याकडे पेडल नसतील तर स्टिक पिळून रडर द्यावा लागतो. त्यात खऱ्या जगातलं थेट हवामान चालू ठेवलंत आणि पावसाळ्याचे दिवस असले तर नैऋत्येचा वारा डाव्या बाजूने येऊन नाक आणखी डावीकडे फिरवतो. ओळखायचं कसं? वारा बंद करा, विमान हवेत नेऊन इंजिन मंद करा. ओढ कमी झाली तर तो भौतिकशास्त्राचा प्रताप. नव्यांसाठी बऱ्याच सिम्युलेटरमध्ये रडर आपोआप सांभाळण्याची सोय असते, सुरुवातीला ती चालू ठेवायला हरकत नाही.

आणि विमान हवेत नाक वर किंवा खाली करत असेल तर आधी ट्रिम, म्हणजे स्टिक न धरता नाक एका कोनात ठेवणारी सोय, बघा. बटणावर चुकून दिलेला ट्रिम हा फार ओळखीचा गुन्हेगार आहे.

दिशा उलट्या आहेत का, हे उडण्याआधीच कळतं. विमान उभं असताना बाहेरचं दृश्य लावा. स्टिक डावीकडे केली की डाव्या पंखाचा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलणारं पातं) वर आणि उजव्याचा खाली जायला हवा. मागे ओढली की शेपटीवरच्या एलिव्हेटरची, म्हणजे तिथल्या आडव्या हलत्या पात्याची, मागची कड वर. खरे वैमानिक उड्डाणाआधी हे दर वेळी तपासतात. एक युक्ती अशी की मूठ धरून अंगठा वर ठेवायचा, स्टिक कलवली की अंगठा ज्या पंखाकडे झुकतो त्याचा एलरॉन वर असायला हवा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडकं

तिथे जेएसटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम त्या विंडोजच्या खिडकीचं काम करतो. फ्लाइटगिअरसारखा मोफत सिम्युलेटर जॉयस्टिकची मांडणी एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतो, म्हणून एकदा जमलेली फाइल जपून ठेवली की नव्या संगणकावर नुसती नकलून टाकता येते. काही लॅपटॉपचा हालचाल मोजणारा सेन्सर स्वतःला जॉयस्टिक म्हणून नोंदवतो. लॅपटॉप कलवला की विमान कलतंय असं दिसलं तर भूतबाधा समजू नका.

शेवटी मांडणी जपण्याबद्दल. सगळं जमल्यावर तिची प्रत काढा. डीसीएसमध्ये ती सेव्ह्ड गेम्स फोल्डरमधल्या कॉन्फिगखालच्या इनपुटमध्ये, विमानाच्या नावाने असते. प्रत्येक फाइलच्या नावात महिरपी कंसात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. उपकरण दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावल्यावर विंडोज कधी कधी नवा क्रमांक देतं आणि गेमला वाटतं की ही वेगळीच स्टिक आहे. सगळी बटणं कोरी दिसतात. घाबरून परत पहिल्यापासून बसवायला घेऊ नका. गेमने बनवलेल्या नव्या फाइलचं नाव बघा आणि जुन्या फाइलमधला मजकूर तिच्यात टाका. त्याहून सोपं म्हणजे कोणती केबल कुठल्या पोर्टला जाते ते केबलच्या टोकाला चिकटपट्टीवर लिहून ठेवणं, विशेषतः घरात कोणी झाडताना केबली उपसणारं असेल तर.